काट्याचा संगणक आणि बोईसरचा हात



गळीत हंगामात काटा बंद म्हणजे सगळंच बंद, हे तुम्हांला सांगायला नको. ऊस गाडीत वाळतो, वजन घटतं आणि ती घट पिकवणाऱ्याच्याच माथी बसते. म्हणून या हंगामातली एक गोष्ट येथे मांडतो.

आपल्या काट्याच्या संगणकाची देखभाल करणारे गृहस्थ पालघर जिल्ह्यात, बोईसरला राहतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचीही कामे ते करतात. दर खेपेला त्यांना इथवर बोलावणे परवडत नाही. दूरजोडणीच्या सॉफ्टवेअरने ते घरबसल्या आपला संगणक उघडतात व दुरुस्ती करतात. एका पहाटे संगणकाने आपणहून अपडेट घेतले. तो पुन्हा सुरू झाला, पण वजनाचा आकडा पडद्यावर येईना आणि बोईसरहून जोडणीही होईना. पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली. एक वाहनधारक म्हणाले, "साहेब, आमचे बैल काय अपडेट होत न्हाईत!" त्यांचं काय चुकलं?

मग फोनवरून एकेक गोष्ट तपासली. इंटरनेट चालू आहे का? आहे. संगणक झोपी जातो का? नाही. दोन्हीकडचे सॉफ्टवेअर एकाच आवृत्तीचे आहे का? आहे. शेवटी सापडले ते असे : अपडेटनंतर आपले नेटवर्क 'सार्वजनिक' समजले गेले होते, आणि फायरवॉलने बाहेरची जोडणी अडवली होती. ते 'खाजगी' केले, त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी दिली आणि काम झाले. बोईसरकरांनी मग वजनाचा आकडाही आणून दिला.

दोष दर वेळी आपलाच असतो असे नाही. जानेवारी २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ वरून जुन्या सर्व्हरशी केलेली दूरजोडणी ६५ सेकंदांत तुटत असे. मार्चअखेर कंपनीनेच दुरुस्ती दिली. म्हणून अपडेट आले की डोळे झाकून घ्यायचे नाही, आणि कायमचे टाळायचेही नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा जुन्या यंत्रावर हिशेब ठेवणे म्हणजे गोठ्याला दारच नसणे.

त्या गडबडीत काहींनी सुचवले, फायरवॉल कायमची बंद ठेवा, पासवर्ड भिंतीवर लिहून टाका. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. काट्यावर नुसता ऊस तोलला जात नाही, सभासदाचा विश्वास तोलला जातो. बोईसरहून जो हात दुरुस्तीसाठी येतो, त्याच वाटेने दुसरा हातही येऊ शकतो. अशा सॉफ्टवेअरमधून लोकांची बँक खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. घरी कुणी फोनवरून असे ॲप घ्यायला सांगितले तर सभासदांनीही ते घेऊ नये.

आमच्या मते संचालक मंडळाने चार गोष्टी कराव्यात. एक, अपडेट आधी ऑफिसातल्या दुसऱ्या संगणकावर तपासावे, मगच काट्यावर घ्यावे. विंडोजमध्ये कामाची वेळ जास्तीत जास्त १८ तास राखता येते, आपला काटा मात्र चोवीस तास चालतो. तेव्हा नुसते यंत्रावर विसंबून भागणार नाही. दोन, काट्याला दुसरा संगणक तयार ठेवावा. तीन, दूरजोडणी काटा कारकुनाने समोर बसून परवानगी दिली तरच व्हावी. चार, कोण, केव्हा, कशासाठी आत आले याची वही ठेवावी, आणि ती मागेल त्या सभासदाला दाखवावी.

खर्च येईल, हे खरे. पण रांगेत वाळलेल्या उसाचा खर्च कुठल्या वहीत लिहिला जातो? पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटण्याआधी याचा निर्णय व्हावा. सभासदांनी हा प्रश्न वार्षिक सभेत जरूर विचारावा.