वारसा निशाणाचा की विचाराचा?

आंबेडकरी घरातील मूल बोलू लागण्यापूर्वी ‘जयभीम’ ऐकते. मतदारयादीत नाव लागण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावर राजकीय संस्कार झालेला असतो. तरीही एकाच छपराखालचे आजोबा, वडील आणि नातू सारखा विचार करीत नाहीत. “पोरांना चळवळीचे काही राहिले नाही,” असे ज्येष्ठ म्हणतात. “तुमच्या गटातटांनी आम्हांला काय दिले?” असे तरुण विचारतात. पालकसभेत ही दोन्ही वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ साली पिढ्यांच्या प्रश्नावर लिहिताना असे मांडले की, तारुण्यात अनुभवलेल्या घटना माणसाच्या दृष्टीला वळण लावतात. आपल्या घरांकडे पाहिले की याची प्रचीती येते. पहिल्या पिढीने १९५६ ची धम्मदीक्षा आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह पाहिला. राजकारण म्हणजे माणूसपणाची आणि भाकरीची लढाई, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. दुसरी पिढी १९७२ च्या दलित पँथरने पेटली. १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे, नामांतरासाठी ती झुंजली. तिच्या वाणीतील धार त्या काळाने दिलेली आहे. तिसऱ्या पिढीला विद्यापीठाचे नाव तयार मिळाले. त्यामागचे रक्त तिने पाहिले नाही.

कळव्यात या बदलाला आणखी एक कारण आहे. कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आलेली आपली माणसे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आणि रेल्वेत स्थिरावली. युनियन, वस्तीतील बुद्धविहार आणि जयंती मंडळ या त्यांच्या राजकीय शाळा होत्या. पुढे मफतलालसारखे मोठे कारखाने बंद पडले, कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले. कारखान्याच्या फाटकावरची सभा संपली आणि तिची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली. नातवाचे मत बदलले असेल, तर त्याच्या पायाखालची जमीनही बदलली आहे, हे ज्येष्ठांनी ध्यानात घ्यावे.

बदल म्हणजे गद्दारी नव्हे. स्वतः बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभारले आणि अखेरीस रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. तो पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली स्थापन झाला. साधने बदलली, समता, स्वातंत्र्य, बंधुता हे साध्य ढळले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. तथागतांनीही कालामांना सांगितले की, केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. मग केवळ वडील देतात म्हणून मत द्यायचे, ही बुद्धाच्या लेकरांची रीत कशी ठरेल? हीच कसोटी तरुणांनाही लागू आहे. मोबाइलवर आलेला संदेश न तपासता पुढे पाठविणे हीसुद्धा अंधश्रद्धाच होय.

आमचे स्पष्ट मत असे की, पक्ष कोणता निवडावा हे घराने ठरवू नये. पण निवड कोणत्या कसोटीवर करावी, हे घराने अवश्य शिकवावे. त्यासाठी घरचा इतिहास घरात बोलला गेला पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या स्त्रियांना बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला, म्हणून त्या माउलींचा लढा आज आपल्याला ठाऊक आहे. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीने दिवाळीच्या सुटीत आजी-आजोबांची हकिकत एका वहीत उतरवून आणावी. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या आईवडिलांजवळ बसून तेच करावे. पहिल्या पिढीची माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या कामाला सवड मिळण्याची वाट पाहता येणार नाही.

निशाण हाती देणे सोपे असते. ते का उचलले, हे सांगणे आपले काम आहे; आणि ते ऐकून स्वतः निर्णय करणे हे आपल्या मुलांचे.

जयभीम! नमो बुद्धाय!