गेमचा कोर्स लावण्याआधी एक गेम पूर्ण करा

बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाच्या गर्दीत आता गेमिंगचाही स्टॉल असतो. तिथे गेम डिझायनर, थ्रीडी आर्टिस्ट, टेस्टर अशी पदांची नावं सांगतात, बाजार किती हजार कोटींचा ते सांगतात आणि मग फीचा तक्ता पुढे सरकवतात. यातले बाजाराचे आकडे जपून वाचावेत. भारतातल्या ऑनलाइन गेमिंगच्या उलाढालीत सिंहाचा वाटा होता तो पैसे लावून खेळायच्या रमीचा आणि फँटसी क्रिकेटचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून तो धंदाच बंद केला आणि तिथल्या अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. गेम तयार करण्याचा उद्योग वेगळा, बराच लहान. शिवाय तो सध्या सुखातही नाही: एकट्या जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेमिंग विभागातून १,९०० आणि गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या युनिटीने सुमारे १,८०० माणसं कमी करण्याची घोषणा केली. ‘स्कोप आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं.

म्हणजे मुलांना या वाटेने जाऊच देऊ नये का? माझं म्हणणं ते नाही. सरकारनेही हे क्षेत्र मनावर घेतलं आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी कृतिदल जाहीर झालं, पुढे मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज उभी राहिली, राज्याचंही धोरण आलं. पण आपल्याकडे काम कोणत्या प्रकारचं आलं, हे पाहिल्याशिवाय शिक्षण कसं असावं ते ठरत नाही. १९९७ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हपासून इथल्या स्टुडिओंनी प्रामुख्याने परदेशी गेमचे सुटे भाग घडवून दिले. कुणाच्या गाड्या, कुणाच्या इमारती, कुणाच्या पात्रांचे कपडे. २०२० मध्ये युबीसॉफ्ट या परदेशी कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या आपल्या गेमची नवी आवृत्ती आपल्याच पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवल्याचं जाहीर केलं, तेव्हा हे चित्र पालटेल असं वाटलं होतं. मे २०२२ मध्ये ते काम कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. इथे कसबी हातांची वानवा आहे असं मला वाटत नाही. वानवा आहे ती एखादा मोठा गेम पहिल्या कागदापासून विक्रीपर्यंत नेलेल्या माणसांची. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा आपला गेम २०२० मध्ये बाजारात आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. त्या छोट्या चमूकडे हा अनुभव आला, आणि तो कुठल्याही प्रमाणपत्रावर छापून मिळत नाही.

आपले बहुतेक कोर्स मात्र सुटे भाग करायलाच शिकवतात: सहा महिने हे सॉफ्टवेअर, सहा महिने ते. पूर्ण गेम करताना काय शिकायला मिळतं, ते एका उडीवरून कळेल. पात्र कड्यावरून उडी मारतं. खेळणारा बटण दाबतो, पण बहुतेक वेळा किंचित उशिरा. पाय कड्यावरून सुटलेला असतो. नियमाने पात्र पडायला हवं. तसं पडू दिलं तर खेळणारा चिडतो, कारण त्याच्या मते त्याने वेळेवरच दाबलं होतं. म्हणून चांगले गेम कडा सुटल्यावरही काही फ्रेम उडी मान्य करतात. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हा आकडा ठरवायला थोडं गणित लागतं, थोडं मानसशास्त्र, आणि दहा जणांना खेळायला देऊन मागे गुपचूप उभं राहण्याचा संयम. ‘गेम अडकतो’ एवढंच न लिहिता कुठे, काय केल्यावर, दहापैकी किती वेळा, असं लिहिणारा टेस्टरही यातूनच घडतो. दिवसाचे सहा तास खेळून हे येत नाही, हे पोरांना स्पष्ट सांगावं.

यावर आक्षेप येईल की हे चोचले पैसेवाल्यांचे. साध्या घरातल्या मुलाला आधी नोकरी हवी आणि सुट्या भागांच्या कामाने हजारो घरं चालली आहेत. चालली आहेत, यात वाद नाही. पण कपातीत आणि आता यंत्राकडून चित्रं काढून घेण्याच्या लाटेत पहिली गदा त्याच कामावर येण्याचा धोका आहे. एक गेम पूर्ण केलेल्या मुलाच्या हाती निदान प्रोग्रामिंग उरतं, ते बँकेच्या सॉफ्टवेअरमध्येही चालतं. आणि पूर्ण करणं म्हणजे कंपनी काढणं नव्हे. पाच मिनिटांत संपणारा, पण सुरुवात, शेवट आणि हरण्याची सोय असलेला गेम पुरे. त्यासाठी गेम जुळवायचं गोडो आणि थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर ही साधनं फुकट आहेत, आणि द्विमितीय गेमसाठी गोडो साध्या संगणकावरही चालतं. तालुक्याच्या शाळेतली संगणक खोली शनिवारी दुपारी उघडी ठेवली तर एका सत्रात असे चार-दोन गेम होतील. चारातल्या तिघांना कळेल की आपल्याला फक्त खेळायला आवडतं, आणि तेही लाखभर रुपये भरण्याआधी कळलेलं बरं.

ज्यांना तरीही कोर्स लावायचा आहे, त्यांनी प्रवेशाच्या दिवशी संस्थेकडे प्लेसमेंटची पुस्तिका मागू नये. मागच्या तुकडीने पूर्ण केलेले पाच गेम मागावेत आणि तिथेच बसून खेळून पाहावेत.