फ्यूज गेला, पण का गेला?

जानेवारीतल्या एका शनिवारी आमचा ड्रायर बिघडला. अगदी बंदच पडला असता तर एक वेळ बरं झालं असतं. पण हे महाराज व्यवस्थित फिरत होते, नेहमीसारखा घरघर आवाज करत होते, पन्नास मिनिटांनी इमाने इतबारे बझरही वाजवत होते. फक्त आतले कपडे ओलेच्या ओले, आणि थंडगार. बाहेर न्यू जर्सीतली बर्फाची थंडी, घरात आठ महिन्यांची मुलगी, आणि टोपलीत तिच्या कपड्यांचा डोंगर. आता तुम्ही म्हणाल, की दोरी बांधा आणि वाळत घाला. घातले की! दोन दिवस आमच्या हॉलची पार चाळ झाली होती.

ड्रायर आमचाच आहे. घर भाड्याचं, पण वॉशर-ड्रायर भाडेकरूने आणायचे असा इथला करार. त्यामुळे एका देशी कुटुंबाकडून, ते परत जात असताना, दीडशे डॉलरला घेतलेला. बरं, हाच आजार त्याला साधारण अकरा महिन्यांपूर्वीही झाला होता. तेव्हा रीतसर फोन करून टेक्निशियन बोलावला होता. माणूस सभ्य, बूट काढून आत आला. वीस मिनिटांत मागचा पत्रा काढला, एक नखाएवढा पार्ट बदलला, "फ्यूज गेला होता, होतं असं" म्हणाला आणि १८९ डॉलरचं बिल देऊन गेला. ड्रायर तापायला लागला. आम्ही खूश.

या वेळी बायको म्हणाली, "अरे, परत १८९ घालवण्यापेक्षा नवीनच घेऊ ना." आणि मला उगाचच राग आला. तिचा नाही, माझा. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, रोज ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले बग शोधून पगार घेतो, आणि घरातला एक पत्र्याचा डबा उघडायला घाबरतो? म्हटलं, मी बघतो.

तर सांगायचा मुद्दा पहिल्यांदाच सांगून टाकतो. घरचा ड्रायर स्वतः उघडावा, दुरुस्त करावा, अशा मताचा मी आता झालो आहे. पण पैसे वाचतात म्हणून नाही. कारण दुसरं आहे, आणि तिथे मी अंमळ उशिराच पोचलो.

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जात नाही. ड्रायरमध्ये असतं काय? कपडे फिरवणारा ड्रम, तो फिरवणारी मोटर, हवा तापवणारा हीटर, आणि ती हवा ओढून घराबाहेर फेकणारा पंखा. बाकी सगळे त्यांच्यावर नजर ठेवणारे पहारेकरी: थर्मोस्टॅट, टायमर, दाराचं बटण. अमेरिकेतल्या विजेच्या ड्रायरची एक गंमत अशी, की हीटर चालतो २४० व्होल्टवर आणि मोटर १२० वर. घरात १२० च्या दोन वायरी येतात, हीटरला दोन्ही लागतात, मोटरला एकच पुरते. त्यामुळे ब्रेकरची एक बाजू गेली तरी ड्रम मजेत फिरत राहतो आणि उष्णता मात्र शून्य. म्हणून ड्रायर फिरतोय पण तापत नाही म्हटल्यावर पहिलं काम म्हणजे ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू करून बघणं. फुकटचा उपाय. आमच्याकडे तो लागू पडला नाही.

मग प्लग काढला. (हे वाक्य परत वाचा. २४० व्होल्ट आहेत ते, चेष्टा नाही.) मशीन पुढे ओढलं, मागचा पत्रा काढला आणि पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर घेऊन बसलो. हीटर ५४०० वॉटचा. म्हणजे २४० चा वर्ग भागिले ५४००, साधारण १०.७ ओहम यायला हवेत. वायर सुटी करून मोजलं, १०.६. हीटर ठणठणीत! मग त्याच्या पेटीवर बसवलेला थर्मल कट-ऑफ तपासला. इथे जवळपास शून्य ओहम यायला हवं, मीटर ढिम्म. सापडला चोर. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर आल्यावरसुद्धा झाला नव्हता.

पार्ट ऑनलाइन सापडला, जोडीचा थर्मोस्टॅट धरून चोवीस डॉलर. पण यायला बुधवार उजाडणार. आणि इथे माझ्या डोक्यात आयडिया आली. हा कट-ऑफ म्हणजे काय, तर सर्किटमधला नुसता एक जोड. त्याच्या दोन टोकांना एक वायरचा तुकडा लावला तर बुधवारपर्यंत काम भागेल. चारच तर दिवस.

नशिबाने त्याच वेळी मिरजेहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. खरं तर नातीसाठी होता. पण मी हौसेने कॅमेरा ड्रायरकडे फिरवला आणि माझा पराक्रम सांगितला. बाबा वीज मंडळात वायरमन होते, एकतीस वर्षं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"फ्यूज गेला ते कळलं रे. का गेला?"

"का म्हणजे? जुना झाला असेल. होतं असं." (हे शब्द कुणाचे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.)

"गेल्या वर्षी बदललाय म्हणालास ना? मग जुना कसा?"

मी गप्प.

"आणि ती वायर लावायची नाही. आपल्याकडे लोक चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालायचे, सारखा उडतो म्हणून. मग फ्यूज उडायचा नाही, घर उडायचं. अशी जळलेली बोर्डं किती बदललीत मी, तुला माहितेय?"

खरं सांगतो, बाबांपेक्षा मला जास्त कळतं असं गेली आठ-दहा वर्षं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. ते त्या मिनिटात उतरलं.

विचार करा, आपल्या क्षेत्रात काय होतं? रात्री दोनला सर्व्हर झोपतो. आपण रीस्टार्ट करतो, तो उठतो. पण सकाळी कुणी म्हणतं का, की झालं काम, तिकीट बंद करा? मॅनेजर रूट कॉज मागतो. मेमरी कुठे गळत होती ते शोधेपर्यंत पाठ सोडत नाही. आणि घरी? घरी आम्ही १८९ डॉलर देऊन नुसता रीस्टार्ट विकत घेतला होता, आणि मी चोवीस डॉलरमध्ये तोच परत घ्यायला निघालो होतो.

कट-ऑफ उगाच जात नाही. हीटरची पेटी ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे तापली की तो स्वतःचा बळी देऊन वीज तोडतो, आणि परत जुळत नाही. मग पेटी एवढी का तापली? बहुतेक वेळा उत्तर एकच: हवा पुढे जात नाही. पंखा गरम दमट हवा पाइपातून बाहेर ढकलतो, ती वाट तुंबली की उष्णता आतच कोंडते. आणि वाट तुंबवतं कोण, तर लिंट. म्हणजे कपड्यांची झडलेली लव. दाराशी जी जाळी असते ती सगळी लव अडवत नाही, उरलेली पाइपात जाऊन बसते. वर ओलसर हवा, म्हणजे ती छान चिकटतेही.

रविवारी सकाळी पाइप काढला. ड्रायरच्या मागे चांदीच्या कागदासारखा चुण्यांचा पाइप होता, तो मशीन मागे ढकलताना कधीतरी चेपून निम्मा झालेला. भिंतीतल्या नळीत हात घातला तर लागलं काहीतरी मऊ. ओढत गेलो, निघत गेलं. करडी, ओलसर, गादीतल्या कापसासारखी लव. बादली भरली आमची. मग बाहेर जाऊन बघितलं. भिंतीवरचं झडपेचं झाकण लवेने चिकटून जेमतेम बोटभर उघडत होतं, आणि त्याच्यापुढे एक झुडूप.

यूएस फायर अॅडमिनिस्ट्रेशनचा २००८ ते २०१० या वर्षांचा अंदाज मी तेव्हा वाचला. घरांमधल्या ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, ५ मृत्यू, १०० जखमी, साडेतीन कोटी डॉलरचं नुकसान. आणि आग लागण्याचं सगळ्यात मोठं एकच कारण, ३४ टक्के: साफसफाई न करणं.

आकडे वाचून आपण पुढे जातो. मी गेलो नाही, कारण आमचा ड्रायर खालच्या मजल्यावर आहे आणि बरोबर त्याच्या वर मुलगी झोपते. आणि आमची सवय काय, तर रात्री दहाला ड्रायर लावायचा आणि आपण झोपायला जायचं. अकरा महिने. त्यातले शेवटचे तीन-चार महिने कपडे एका फेरीत वाळत नव्हते, दोनदा लावावे लागायचे, मशीनचा वरचा पत्रा हात ठेवला तर चटका बसेल असा तापायचा. आम्ही म्हणायचो, जुना झालाय बिचारा! तो बिचारा ओरडून सांगत होता. शेवटी त्या नखाएवढ्या कट-ऑफने जीव दिला आणि मी त्याच्याच जागी वायर लावायला निघालो होतो. ती रात्र मी नीट झोपलो नाही.

आता दुसरी बाजू. मित्र म्हणतात, "तुझा एका तासाचा रेट काढ. त्यात टेक्निशियन स्वस्त पडतो." हिशोब बरोबर आहे. पण टेक्निशियनला पैसे मिळतात ते ड्रायर तापवण्याचे. तो वाईट माणूस नव्हता, त्याला त्या दिवशी अजून सहा घरं गाठायची असतील. आपल्या भिंतीत काय साठलंय याची काळजी फक्त त्यालाच असते, ज्याची माणसं त्या घरात झोपतात. ती आउटसोर्स होत नाही.

दुसरा युक्तिवाद कंपन्यांचा, की ग्राहकाने हात लावला तर धोका. कायदा हळूहळू उलट दिशेने चाललाय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून उपकरणांचे पार्ट आणि माहितीपत्रकं ग्राहकालाही उपलब्ध करून देणं उत्पादकांना बंधनकारक झालं. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चांगलंच आहे. पण कायदा तुम्हाला पार्ट देईल, मॅन्युअल देईल. "का गेला?" हा प्रश्न तुमचा तुम्हीच विचारायचा.

आणि हो, थांबायचं कुठे तेही कळलं पाहिजे. ड्रायर गॅसचा असेल तर गॅसच्या जोडाला हात लावू नका. तिथे पाइप तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, म्हणजे सफाई तर आणखीच महत्त्वाची. प्लगजवळच्या वायरी काळ्या पडलेल्या दिसल्या तर इलेक्ट्रिशियन बोलवा. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिकचा स्पिनर आहे त्यांनी लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि पाइप नसलेला कंडेन्सरवाला ड्रायर असेल तर त्याचा कंडेन्सर आणि जाळ्या, त्याही तुंबतातच.

असो. घरमालकाला फोटो पाठवले, त्याने मुकाट्याने नवीन पत्र्याच्या पाइपाचे पैसे दिले. चार इंची, आतून गुळगुळीत. जोडांना स्क्रू मारले नाहीत, कारण त्यांची टोकं आत येतात आणि लव तिथेच अडकते. अॅल्युमिनियमची टेप लावली. बुधवारी पार्ट आला, रात्री जेवणानंतर बसवला, प्लग लावला. बायको कडाक्याच्या थंडीत बाहेर त्या झडपेसमोर हात धरून उभी राहिली आणि आतून मी बटण दाबलं. दोन मिनिटांनी तिचा आवाज आला, "अरे, केवढी गरम हवा येतेय! झाकण पूर्ण उघडलंय!" कपडे पंचेचाळीस मिनिटांत वाळले, एका फेरीत.

बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता रात्री लावून झोपत जाऊ नका." बस, एवढंच.

तुमच्याकडे ड्रायर असेल तर या वीकेंडला एकच करा. तो चालू करा, घराबाहेर जा आणि झाकण किती उघडतंय ते बघा. पत्रा नंतर उघडू.