सापाची अंडी घरी उबवावीत का?

जबलपूरच्या एका वाचक ताई विचारतात: परसातल्या विटा हलवताना सापाची दहा-बारा अंडी दिसली. मुलगा म्हणतो, डब्यात माती घालून उबवू आणि पिल्लं पाळू. काय करावं?

ताई, मुलाचं कुतूहल छान आहे, पण डबा नको. कोंबडी आपली अंडी फिरवत राहते, सापाच्या अंड्याचं तसं नसतं. आतला गर्भ कवचाला चिकटून वाढतो. अंडं उलटलं तर तो मरू शकतो. म्हणूनच जाणकार अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात आणि ती बाजू वरच राहू देतात. शिवाय ओल बेताची लागते, जास्त झाली की बुरशी धरते.

पण खरी काळजी वेगळी आहे. धामण अंडी घालते, तसा नागही घालतो आणि नागीण अंड्यांच्या राखणीला थांबते. विटांमध्ये पुन्हा हात घालू नका, मुलांनाही तिकडे जाऊ देऊ नका. नागाचं पिल्लू बाहेर पडतं ते विष घेऊनच. (घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते.)

नाग, धामण पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि त्या कायद्यात ‘प्राणी’ म्हटलं की अंडीही आली. तेव्हा वनविभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला लगेच बोलवा. पुण्याला जाणं झालं तर मुलाला कात्रजचं सर्पोद्यान जरूर दाखवा.