पोलीस भरती आणि घरावरचं कर्ज

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मोहल्ल्यातले पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, हप्ते थकलेत. मुलाचं सिलेक्शन झालं तरी सिबिल बघून काढून टाकतील का?" या धास्तीने काही मुलं अर्जच भरत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

ही धास्ती आली बँकांच्या नोकरीतून. सरकारी बँकांच्या भरतीत उमेदवाराने कर्ज कसं फेडलं हे पाहिलं जातं, आणि स्टेट बँकेने याच कारणावरून रद्द केलेली एक नेमणूक २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही रद्दच ठेवली. अशा बातम्या फिरत फिरत पोलीस भरतीलाही चिकटतात. इंग्लंड-अमेरिकेत पोलिसांत घेताना माणसाची देणी तपासतात, हेही खरं आहे. कर्जात बुडालेला माणूस लाचेला लवकर बळी पडतो, असा त्यामागचा हिशेब. महाराष्ट्राच्या शिपाई भरतीत मात्र सिबिलची अट नाही. ५० गुणांची मैदानी, १०० गुणांची लेखी, मग कागदपत्रं, वैद्यकीय आणि चारित्र्य पडताळणी. वालिदांच्या नावावरचं कर्ज यात कुठेही मोजलं जात नाही.

अडचण येते ती चारित्र्य पडताळणीत, आणि ती आणतो चेक.

आपल्याकडे धंदा करणाऱ्या घरांत एक रीत पडली आहे. अब्बांचं खातं थकलं की दुकानाचं नवं खातं अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या नावाने उघडायचं. चेकबुक त्याचं, सही त्याची, उधारी मात्र सगळी दुकानाची. मालवाल्याला 'सिक्युरिटी' म्हणून दोन-चार कोरे चेक देऊन ठेवायचे. पुढे त्यातला एखादा वटला नाही की पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली खटला उभा राहतो, आणि आरोपी म्हणून नाव येतं ते सही करणाऱ्या मुलाचं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मोबाईल, मोटारसायकलच्या हप्त्यांनाही हाच धोका आहे. खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत गेलं, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं.

घरच्यांना वाटतं, "पोलीस केस कुठे आहे? पैशाचा तर वाद आहे." चेकच्या प्रकरणात तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा लागत नाही, त्यामुळे दारात शिपाई आलेला नसतो. पण खटला फौजदारीच असतो. निवड झाल्यावर भरायच्या साक्षांकन नमुन्यात न्यायालयात खटला चालू आहे का, असं विचारलं की मुलगा बिनधास्त 'नाही' लिहून मोकळा होतो. खरं नुकसान इथे होतं.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याबाबत सविस्तर निकाल दिला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, त्यात लपवाछपवी नको. क्षुल्लक प्रकरण असेल तर नोकरी देणारा ते माफ करू शकतो. माहिती खरी दिली म्हणून नेमणूक मिळेलच असंही नाही, पूर्वचरित्र तपासण्याचा अधिकार खात्याकडे राहतो. पण मुद्दाम लपवलं तर नेमणूक रद्द होऊ शकते. आमच्या मते एका वटलेल्या न वटलेल्या चेकपेक्षा ते 'नाही' जास्त महागात पडतं, कारण चेकचा खुलासा देता येतो, खोट्या सहीचा काय देणार?

घरच्या पैशाचा भरतीशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फायद्याचा आहे. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या बिरादरींच्या मुलांना जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रीमिलेयर लागतं. कोणत्याच आरक्षणात न बसणाऱ्यांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस मिळू शकतं. मुस्लिमांनाही मिळतं, हे अजून कितीतरी घरांत माहीतच नाही. जाहिरात आल्यावर तहसीलला धावून उपयोग नसतो.

आणि एजंट. २०२४ च्या भरतीत साधारण साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एवढ्या गर्दीत "आपला माणूस आहे" म्हणणारा भेटतोच. अम्मीचे दागिने गहाण टाकून त्याला पैसे दिले जातात, वर हमी म्हणून मुलाचा चेक. काम होत नाही, पैसे बुडतात, चेक त्याच्या खिशात राहतो. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, म्हणजे तक्रार करायलाही तोंड राहत नाही. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा.

ज्यांच्या मुलाच्या नावाने खातं आहे, त्यांनी आजच दोन कामं करावीत. बाहेर दिलेले चेक कोणाकडे आहेत त्याची यादी काढावी आणि ते परत मागावेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्यात मुलाचं नाव टाकून बघावं. वकिलाची नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम चुकती केली की खटला उभाच राहत नाही. खटला सुरू झाला असेल तरी चेकच्या प्रकरणात तडजोड होते, लोकअदालतीत अशी प्रकरणं मिटतात. तडजोडीच्या आदेशाची साक्षांकित प्रत काढून ठेवावी, आणि फॉर्ममध्ये जुन्या खटल्यांबद्दल विचारलं असेल तर मिटलेलं प्रकरणही लिहून ती प्रत सोबत जोडावी.