एका लहान जिवाच्या घराविषयी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीच्या हट्टाखातर आम्ही एक सोनेरी सीरियन हॅमस्टर घरी आणला, तेव्हा प्राण्यापेक्षा त्याच्या पिंजऱ्यालाच अधिक दाम पडतात हे पाहून मी दुकानदाराशी बरीच घासाघीस केली, आणि गुलाबी तळाचा, पांढऱ्या तारांचा, दोन मजल्यांचा व वळणदार नळी जोडलेला असा जो पिंजरा सर्वांत स्वस्त होता तो घेऊन समाधानाने घरी परतलो. त्या रात्री आणि त्यानंतरच्या प्रत्येक रात्री तो इवलासा जीव पिंजऱ्याची तार दातांत धरून तासन् तास कुरतडत असे. दात झिजवण्याचा हा त्याचा निसर्गधर्मच असावा, अशी मी स्वतःची आणि नातीचीही समजूत घातली होती. ती समजूत चुकीची होती हे कळण्यास मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांची रुखरुख अद्यापि गेलेली नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

हा प्राणी मूळचा उत्तर सीरियातील अलेप्पो शहराच्या परिसरातला. १८३९ साली वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परंतु माणसाच्या घरात त्याचा प्रवेश झाला तो १९३० च्या एप्रिल महिन्यात, जेव्हा जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इझ्रायल अहरोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून एक मादी व तिची पिले बाहेर काढली. ती हवी होती सॉल अ‍ॅडलर या परजीवीशास्त्रज्ञाला, आणि ती कशासाठी हवी होती हे आपण भारतीयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण ज्या काळा आजाराने बंगाल, बिहार आणि आसाम येथील गावेच्या गावे ओस पाडली, त्याच जातीच्या रोगाच्या अभ्यासासाठी त्यांना एक लहान, सहज वाढणारा प्राणी पाहिजे होता. पकडल्यानंतर त्या भयभीत मादीने आपल्याच एका पिलाचा जीव घेतला, आणि पुढे विद्यापीठात आणलेल्या पिलांपैकी पाच जणांनी लाकडी पिंजऱ्याचा तळ कुरतडून पलायन केले. जी मूठभर मागे राहिली त्यांच्यापासून आज जगभरच्या घरांत पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांचा जवळजवळ सगळा वंश विस्तारला आहे. तात्पर्य, या वंशाच्या बंदिवासाचा इतिहासच मुळी एका अयोग्य पिंजऱ्यापासून सुरू होतो.

त्यांचे मूळ घर कसे असते याची कैफियत मात्र फार उशिरा लिहिली गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन संशोधक पुनश्च त्या प्रदेशात गेले आणि कडधान्याच्या व गव्हाच्या शेतांतील बिळे त्यांनी मोजून पाहिली. ती ३६ पासून १०६ सेंटिमीटरपर्यंत खोल होती, सरासरी खोली ६५ सेंटिमीटर भरली, आणि एका बिळात एकच प्रौढ प्राणी राहत असल्याचे आढळले. खाली निजण्याची जागा निराळी, धान्य साठवण्याची निराळी, मलमूत्राची निराळी. वर उन्हाने तापणारी जमीन आणि खाली शांत, अंधारी, समशीतोष्ण माती. दीडशे ग्रॅमदेखील वजन न भरणारा हा प्राणी आपल्या गालपिशव्यांत दाणे भरून त्या कोठारात नेऊन ठेवतो, आणि बाहेरच्या जगाशी त्याचा व्यवहार थोड्या घटकांपुरताच असतो. आता या प्राण्यासाठी आपण जे विकत घेतो त्याकडे पाहा. चारी बाजूंनी उघड्या तारा, तळाशी दोन बोटे भुसा, दिव्याच्या लख्ख उजेडात दिसणारा प्रत्येक कोपरा, आणि ज्याची नजर अधू असून ज्याला उंचीचा अंदाज येत नाही अशा जिवासाठी वरून खाली पडण्याची सोय करून देणारे मजले! हे सारे पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी योजलेले असते, राहणाऱ्याच्या सुखाचा तेथे विचारच झालेला नसतो.

स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात या बाबतीत जे प्रयोग झाले ते वाचल्यावर माझ्या तारा कुरतडणाऱ्या हॅमस्टरचे वर्तन मला नीट उमगले. तेथे काही हॅमस्टरांना १० सेंटिमीटर, काहींना ४० आणि काहींना ८० सेंटिमीटर जाडीचे अंथरूण देण्यात आले. ज्यांना दहाच सेंटिमीटर मिळाले ते इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ तारा कुरतडत राहिले, आणि ज्यांना खोल मिळाले त्यांनी बिळे खणून त्यांत आपला संसार थाटला. दुसऱ्या एका प्रयोगात १८०० चौरस सेंटिमीटरपासून १०००० चौरस सेंटिमीटरपर्यंत निरनिराळ्या क्षेत्रफळांचे पिंजरे तपासले असता, जागा जितकी कमी तितका तारा चावण्याचा काळ लांब, असे दिसून आले. मी आणलेला पिंजरा दीड फूट लांब आणि एक फूट रुंद होता, म्हणजे हिशेबाने सुमारे १४०० चौरस सेंटिमीटर. त्या प्रयोगातील सर्वांत लहान पिंजऱ्याहूनही तो लहान. जर्मनीतील पशुवैद्य या प्राण्यासाठी निदान १०० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद जागा सांगतात, म्हणजे ५००० चौरस सेंटिमीटर. मजल्यांची बेरीज या हिशेबात धरावयाची नाही, कारण खणणाऱ्याला सलग जमीन पाहिजे.

येथे सामान्य गृहस्थ साहजिकच विचारील, की एवढा मोठा पिंजरा परवडावा कसा? दुकानात मिळणारे त्या मापाचे पिंजरे खरोखरच महाग असतात, आणि मध्यमवर्गीय घराने एका छोट्या प्राण्यासाठी तेवढी रक्कम खर्च करावी असे मी म्हणणार नाही. परंतु योग्य घर म्हणजे महाग घर हे समीकरणच मला मान्य नाही. हॅमस्टरला पिंजरा नको, पेटी पाहिजे. आणि पेटी करणे हे आपल्या गल्लीतल्या सुताराला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेले काम आहे.

आठ फूट बाय चार फूट हा प्लायवुडच्या एका तक्त्याचा बाजारातला नेहमीचा आकार. त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे पाडावेत. एक तळाला, एक पाठीला. तिसरा मधोमध कापला की दोन फुटी दोन बाजू मिळतात. चौथा लांबीत चिरला की एक फूट उंचीची पुढली फळी मिळते आणि उरलेल्या फळीचे चाक ठेवण्यापुरते आतले फलाट होते. पुढल्या फळीच्या वर फूटभर काच किंवा अ‍ॅक्रिलिक, आणि माथ्यावर लाकडी चौकटीत बसवलेली बारीक छिद्रांची तारेची जाळी. सोनेरी जातीसाठी छिद्र एक सेंटिमीटरच्या आत असावे, बुटक्या जातींसाठी त्याहूनही बारीक, कारण त्या अविश्वसनीय वाटाव्यात अशा फटीतून निसटतात. जेरुसलेमच्या त्या पाच पळपुट्यांचे स्मरण ठेवून तळाला आतून सनमायका लावून घ्यावा आणि दातांत धरता येईल अशी लाकडाची एकही कड उघडी न ठेवता तेथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठोकावी. आतून रंग किंवा व्हार्निश देऊ नये. आमच्या सुताराने हे काम एका दिवसात पुरे केले, आणि पेटीत किती फुटांचा ससा ठेवणार असे विचारले. प्राणी पाहिल्यावर मात्र तो काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिला, आणि जाताना त्याने चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर पुन्हा एकदा कानस फिरवली.

ज्यांना सुतारकाम नको त्यांनी जुन्या काचपेट्यांची चौकशी करावी. पाणी झिरपू लागले की माशांची पेटी कुचकामी ठरते व मालक ती मिळेल त्या किमतीला काढून टाकतो. हॅमस्टरला त्या गळतीची काहीच बाधा नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, किंवा तुमच्या गावच्या भंगारवाल्याकडे, साडेतीन फुटांची अशी पेटी मिळाली तर काम भागते, फक्त झाकण जाळीचे करून घ्यावे म्हणजे आत हवा खेळती राहील. काचपेटीवर ऊन मात्र कधीही पडू देऊ नये. वीस ते चोवीस अंशांत सुखी असणारा हा प्राणी विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात तापलेल्या काचेमागे उष्माघाताने मरू शकतो. अशा दिवसांत मातीचे कच्च्या भाजणीचे मडके आडवे पुरून ठेवले, तर त्याला लपण्याची जागाही मिळते आणि गारवाही.

अंथरुणाच्या बाबतीत एकच सांगावयाचे, की ते भरपूर असावे. निदान फूटभर, आणि एका टोकाला चढते करून दीड फूट. सुवास न लावलेले कागदाचे कातरण, धूळ नसलेल्या लाकडी ढलप्या आणि मधून मधून सुक्या गवताचे थर, अशी भर घालून ती हाताने दाबली की बिळे ढासळत नाहीत. वखारीतला बारीक भुसा श्वासात जातो, देवदाराच्या जातीचे उग्र वासाचे लाकूड अपायकारक ठरते, आणि मऊ म्हणून जो कापूस आपण प्रेमाने घालतो त्याचे तंतू पायांना आवळून बसतात किंवा पोटात अडकतात. एवढे अंथरूण म्हणजे वायफळ खर्च, अशी शंका माझ्याही मनात आली होती. प्रत्यक्षात अनुभव उलट आला. लहान पिंजऱ्याला चार दिवसांत दुर्गंधी येई व सगळे अंथरूण फेकावे लागे, आणि प्रत्येक वेळी स्वतःचा ओळखीचा गंध नाहीसा झालेल्या परक्या घरात तो प्राणी कावराबावरा होऊन फिरे. मोठ्या पेटीत तो लघवीसाठी एक कोपरा ठरवून घेतो, तेवढाच कोपरा बदलला की बाकीची जमीन महिनोन् महिने तशीच राहू शकते. चाकात मात्र काटकसर करू नये. सोनेरी हॅमस्टरला २८ ते ३० सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठभागाचे चाक लागते. लहान चाकात त्याची पाठ धनुष्यासारखी वाकते, आणि गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

जागेची अडचण ही पैशाच्या अडचणीहून खरी आहे, हे मी जाणतो. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी संसार केले त्यांना चार फुटांची पेटी कोठे ठेवावी असे कोणी सांगू लागला, तर त्यांना त्याचा राग येणे रास्त आहे. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाखाली तेवढी जागा पुष्कळदा निघते, आमच्याकडे तशीच निघाली. पण ज्या घरात ती निघतच नाही, त्या घराने हॅमस्टर आणू नये, असेच मला स्पष्ट म्हणावयाचे आहे. माणसाला अपुऱ्या जागेत राहावे लागते ते परिस्थितीमुळे. या प्राण्याला मात्र आपण होऊन, केवळ आपल्या हौसेसाठी, आणलेले असते. दोन-अडीच वर्षांचे त्याचे सारे आयुष्य त्या चौकटीत जावयाचे असते.

आपल्या कायद्याने हे तत्त्व फार पूर्वीच मान्य केले आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा आग्रह धरला, त्याचे फळ म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या अकराव्या कलमात, हालचालीला वाजवी वाव मिळणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा मानला आहे. पहिल्या अपराधास दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, तो आजतागायत तसाच! २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली आणि त्यात हॅमस्टरचाही नामनिर्देश आहे. परंतु या नियमांचा रोख विकणाऱ्याच्या दुकानातल्या पिंजऱ्यावर आहे, आणि त्याच दुकानातून हातात हॅमस्टर घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला कोणता पिंजरा विकला गेला याची दाद-फिर्याद कोठेच नाही. राज्य प्राणी कल्याण मंडळाने नोंदणीची एक अट म्हणून प्रत्येक दुकानात किमान मापांचा मराठी फलक लावण्याची सक्ती करावी, आणि त्या मापाखालचे पिंजरे केवळ प्रवासासाठी म्हणूनच विकण्याची मुभा द्यावी. यात सरकारी तिजोरीतून एक पैसाही जावयाचा नाही. दुकानदारालाही तोटा नाही; चाक, अंथरूण आणि दाणे तर त्याच्याकडूनच घ्यावयाचे आहेत.

नव्या पेटीत सोडल्यावर आमचा हॅमस्टर दोन दिवस दिसलाच नाही. नात रडवेली झाली. मीही मनातून घाबरलो होतो. तिसऱ्या रात्री मागच्या कोपऱ्यातली जमीन हलली, भुईतून एक नाक वर आले, मग गालपिशव्या भरभरून त्याने सारे दाणे खाली नेले आणि फिरून वर येऊन तो चाकावर धावू लागला. तार कुरतडल्याचा आवाज त्यानंतर घरात ऐकू आलेला नाही. तो गुलाबी पिंजरा मी माळ्यावर ठेवला आहे. पशुवैद्याकडे नेताना अर्ध्या तासापुरता तो उपयोगी पडतो. गेल्या महिन्यात शेजारच्या बाईंनी त्यांच्या मुलाने आणलेल्या हॅमस्टरसाठी तो मागितला, तेव्हा मी त्यांना आत बोलावले, टेबलाखालची पेटी दाखवली आणि सुताराचा पत्ता एका चिठ्ठीवर, मापांसह, लिहून दिला.