बेपत्ता माणसांची यादी कोण लिहितो?

१/
रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाताना आरे-वारेच्या घाटीवरून दोन पुळणी एकदम दिसतात. छायाचित्रासाठी थांबणाऱ्यांना पुढचा जयगड ठाऊक असतो तो किल्ल्यामुळे आणि बंदरामुळे. २ ऑगस्ट २०१६ रोजी त्या जयगडहून मुंबईला निघालेली एसटी रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळून पुरात गेली. राजापूर-बोरिवली ही दुसरी एसटीही गेली आणि एक खासगी गाडीही. सुमारे चाळीस माणसे होती. ‘सुमारे’ हा शब्द या थ्रेडचा विषय आहे.

२/
शोध मोठा झाला. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, एनडीआरएफ, क्रेनला बांधून नदीत सोडलेले अवजड लोहचुंबक, सगळे त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर दिसले. बसचे सांगाडे अखेर सापडले ते पुलापासून फार लांब नव्हतेच. लोखंड जवळच राहिले, माणसे मात्र बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळाली. हरिहरेश्वरपासून दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यापर्यंत मृतदेह लागले. काही कधीच लागले नाहीत.

३/
बसमध्ये नेमके कोण होते, हे चुंबक सांगू शकत नव्हते. एसटीच्या साध्या तिकिटावर टप्पा असतो, भाडे असते, वेळ असते, नाव नसते. ज्यांनी आरक्षण केले त्यांची नावे मिळतात. वाटेतल्या थांब्यावर हात दाखवून चढलेल्या माणसाचे नाव फक्त त्याच्या घरी ठाऊक असते. म्हणून बेपत्तांची यादी बनली ती बव्हंशी नातेवाइकांच्या तोंडून: अमुक माणूस संध्याकाळी निघाला, सकाळी पोहोचला नाही.

४/
कोकणाला हे नवे नाही. १७ जुलै १९४७ रोजी, दीप अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी पोहोचायलाच दिवस कलला. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवले. बाकीच्यांचा हिशेब किनाऱ्यावरच्या गावांनी, ज्याने त्याने आपापल्या घरातल्या रिकाम्या जागेवरून मांडला. स्वातंत्र्य महिन्यावर आलेल्या देशाच्या आठवणीत ही दुर्घटना जवळजवळ उरलीच नाही.

५/
आता थोडे मागे जाऊ. आपत्ती नैसर्गिक नव्हे, युद्धाची. पण मराठी इतिहासात ‘न सापडलेल्या माणसा’चा एवढा मोठा धडा दुसरा नाही.

१४ जानेवारी १७६१ नंतर पानिपतच्या रणांगणावर शिर नसलेला एक देह अंगावरच्या खुणांवरून सदाशिवरावभाऊंचा म्हणून ओळखला गेला आणि त्याला अग्नी दिला गेला. पुण्यात अनेकांना ते पटले नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. १७८३ साली मृत्यू येईपर्यंत त्या तशाच राहिल्या.

मग ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला, कैदेत पडला. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरत अखेर तो ठेवला गेला रत्नागिरीच्या किल्ल्यात, म्हणजे आरे-वारेपासून हाकेच्या नसले तरी नजरेच्या अंतरावर. १७७६ मध्ये तिथल्या मामलेदारानेच, रामचंद्र नाईक परांजपे याने, त्याला मोकळे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारोंची फौज जमली. अखेर आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला.

६/
हे बंड बहुधा ‘लोक किती भोळे’ म्हणून सांगितले जाते. हे वाचन अन्यायाचे आहे. पंधरा वर्षांनंतरही एक पत्नी, एक मामलेदार आणि हजारो शिपाई एका मृत्यूवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, कारण त्या मृत्यूचा पुरावा कच्चा होता. अंगावरची खूण, दागिना, वस्त्र, डोळ्यांनी पटवलेली ओळख: इंटरपोलच्या आजच्या पद्धतीत हे सगळे दुय्यम पुरावे मानले जातात. प्रमुख पुरावे तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए.

७/
या पद्धतीचा गाभा दोन नमुन्यांत आहे. पिवळ्या नमुन्यात बेपत्ता माणसाची जिवंतपणीची माहिती, गुलाबीत सापडलेल्या देहाची. दोन्ही जुळले की ओळख पटते. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणावर दातांच्या नोंदींवरून पटली. कारण त्यांच्या गावातल्या दंतवैद्याकडे त्या नोंदी होत्या. संगमेश्वर तालुक्यातल्या शेतमजुराचा पिवळा कागद कशावरून भरायचा? गुलाबी कागद तंत्रज्ञान भरते. पिवळा समाज भरतो, आणि तोही आधीच भरलेला असावा लागतो.

८/
देह मिळालाच नाही तर? धर्मशास्त्राकडे याचे उत्तर होते: बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. (या विधींचा इतिहास ज्यांनी साक्षेपाने लिहिला ते भारतरत्न पां. वा. काणे याच रत्नागिरी जिल्ह्याचे.) १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमाने ही मुदत सात वर्षांवर आणली, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. सात वर्षे विमा अडकतो, वारसनोंद अडकते, बँकेचे खाते अडकते. म्हणून त्सुनामीनंतर आणि पुन्हा २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयानंतर केंद्राने वेगळी वाट काढली: चौकशी, नावांची जाहीर प्रसिद्धी, आक्षेपांना मुदत आणि मग मृत्यूचा दाखला.

९/
ही वाट योग्यच आहे. घोटाळा होतो तो दाखला आणि शोध एकच समजला गेला की. दाखला कुटुंबाची आर्थिक कोंडी फोडतो. माणूस कुठे गेला हे सांगत नाही. दाखला लवकर द्यावा आणि नोंद उघडी ठेवावी, यात विसंगती काहीच नाही. जवळच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने पहिल्या काही दिवसांतच घेऊन कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जपून ठेवले, तर पाच वर्षांनी खाडीच्या गाळात सापडलेल्या हाडालाही नाव मिळू शकते.

१०/
तळिये, २२ जुलै २०२१: पन्नासहून अधिक मृतदेह मिळाले, तीसहून अधिक माणसे दरडीखालीच राहिली आणि नातेवाइकांच्या संमतीने शोध थांबला. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र: चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ता होते. दोन्ही ठिकाणी थांबण्यावर टीका झाली. भर पावसात, सुटलेल्या डोंगराखाली, यंत्र नेता येत नाही अशा जागी आणखी माणसे धोक्यात घालणे मात्र बरोबर ठरले नसते.

११/
पण इर्शाळवाडीचा ५७ हा आकडा कसा निघाला ते पाहावे. वाडीची माणसे २२८. हयात १४४, मृत २७, उरले ५७. साधी वजाबाकी, पण ती करायला आधी २२८ नावे लागतात आणि त्यातला प्रत्येक जण त्या रात्री कुठे होता हेही. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. ही माहिती कोणत्या उपग्रहाने दिली नाही. वाडीतल्या आणि शेजारच्या माणसांनी बसून सांगितली. शंभर-दोनशे माणसांच्या ठाकर वाडीत हे शक्य होते. महामार्गावरच्या बसमध्ये, हंगामी मजुरांच्या वस्तीत, शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरलेल्या आरे-वारेच्या पुळणीवर ते कोण करणार?

१२/
उपाय खर्चिक नाहीत. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या एसटीत प्रत्येक तिकिटामागे एक भ्रमणध्वनी क्रमांक. दरडप्रवण वाडीची यादी दर वर्षी मे महिन्यात नव्याने, मुंबईला असलेल्यांच्या आणि बाहेरून आलेल्यांच्या नोंदीसह, आणि तिची एक प्रत तालुक्याला. मृतदेहांच्या व्यवस्थापनाविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहेत. क्रेन आणि चुंबकाचे चित्रीकरण होते, रजिस्टरचे होत नाही, म्हणून ते मागे पडते. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याचे कौतुक रास्त आहे. त्याच तडफेने बेपत्तांची एखादी राज्यव्यापी नोंदवही उभी राहायला कुणाची हरकत असणार?

१३/
यादी फक्त मेलेल्यांसाठी नसते. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ओखी चक्रीवादळात केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार बेपत्ता होते. कोणत्या बोटीवर किती जण गेले याची धड नोंद नव्हती, आणि गावोगावचे आकडे सरकारी आकड्यांशी जुळत नव्हते. अशात सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडकडे, वादळाने ढकललेल्या बोटी लागू लागल्या. त्या मोजल्या गेल्या: ६८ बोटी, ९५२ माणसे, सगळी जिवंत. इकडचा आकडा जाहीर झाला आणि तिकडे दक्षिणेत बेपत्तांच्या यादीवर काट मारली जाऊ लागली.